छापून झाल्यावर मूळ चित्राचे काय होते?

बोरू_दौत (कोल्हापूर)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी धोक्याची ४३ फुटांची खूण ओलांडून ५५ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा शाहूपुरीतील आमच्या तळमजल्याच्या खोलीत कमरेइतके पाणी कित्येक दिवस तुंबून होते. घरची माणसे आदल्या रात्रीच बहिणीकडे गेली होती, धान्याची पोती आणि गाद्या माळ्यावर चढवल्या होत्या. पण कॉटखालची लोखंडी ट्रंक तशीच राहिली, कारण तिच्यात काय आहे हे माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हते आणि त्या घाईत मलाही तिची आठवण झाली नाही. सत्तावीस वर्षांत मी काढलेल्या व्यंगचित्रांपैकी जी मूळ चित्रे माझ्याकडे परत आली होती, ती सगळी त्या ट्रंकेत होती.

पाणी ओसरल्यावर आम्ही गच्चीवर सुतळ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी एकेक कागद टांगला. तेव्हा जे दिसले ते मी कधी विसरणार नाही. वॉटरप्रूफ काळ्या शाईने ओढलेली रेघ जशीच्या तशी राहिली होती, गाळ पुसल्यावर ती अधिकच ठसठशीत वाटत होती. मात्र तिच्यावर दिलेला जलरंगाचा हात संपूर्ण वाहून गेला होता. एका चित्रात एसटीच्या खिडकीशी बसलेली म्हातारी मांडीवर कोंबडीची पाटी घेऊन झोपी गेली आहे. सकाळचे ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर यावे म्हणून मी फिकट पिवळा रंग दोन थरांत दिला होता. म्हातारी राहिली, कोंबडी राहिली, ऊन तेवढे गेले. चित्राच्या मागे संपादकांनी फाउंटन पेनने लिहिलेल्या सूचनेचा निळा डाग झाला होता आणि मी पेन्सिलने लिहिलेला अनुक्रमांक मात्र स्पष्ट वाचता येत होता.

हा धागा काढण्याचे कारण पूर नव्हे. पुराने माझ्या ट्रंकेतले नेले ते थोडे. त्याआधीच याहून कितीतरी अधिक चित्रे माझ्या हातून गेली होती. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो, मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवतो आणि १९९२ पासून व्यंगचित्रे काढतो. आषाढ लागला की दिवाळी अंकांचे काम सुरू होते, पावसामुळे शाई लवकर वाळत नाही म्हणून पाटाखाली विजेचा दिवा लावून ठेवावा लागतो, आणि श्रावण संपेपर्यंत साठ-सत्तर चित्रे कुरियरने वेगवेगळ्या गावांना रवाना होतात. मानधन येते, अंक येतो, कधी केवळ अंकच येतो. मूळ चित्र क्वचितच येते. एका दिवाळी अंकाने सलग अकरा वर्षे माझी चित्रे छापली. तो बंद पडला तेव्हा मी चौकशी केली, तर कार्यालयाची जागा सोडताना सगळे कागद रद्दीत दिल्याचे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या आवाजात अपराधाची जाणीव नव्हती, आणि त्याचा मला रागही आला नाही, कारण त्या कागदांना किंमत असते असे त्याला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

आमचे गाव चित्रकारांचे आहे. अबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची चित्रे टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहत आम्ही वाढलो, राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे, दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटमधून पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार बाहेर पडले. रविवारी सकाळी घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठावर कोणी ना कोणी बोर्ड मांडून निसर्गचित्र रंगवत असतो आणि त्याच्या पाठीमागे दहा माणसे निमूट उभी असतात. या मंडळींनी मला प्रेमाने वागवले, त्यांच्याबरोबर मी चहा घेतला, कागद कसा ताणावा आणि पाणी कुठे थांबवावे हे त्यांच्याकडूनच शिकलो. तरीही एका वार्षिक प्रदर्शनासाठी मी तीन मूळ व्यंगचित्रे पाठवली, तेव्हा ‘छपाईसाठी केलेले काम स्वीकारले जात नाही’ असा शेरा मारून ती परत करण्यात आली. व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांचा जन्म याच गावात १९२७ मध्ये झाला. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचे शालेय शिक्षण इथे झाले. असे असूनही कोल्हापूरच्या चित्रपरंपरेविषयी बोलताना त्यांची नावे चित्रकारांच्या यादीत घेतली जात नाहीत, वेगळ्या आणि जराशा धाकट्या यादीत घेतली जातात.

माझे म्हणणे असे आहे की व्यंगचित्रकाराचे मूळ चित्र ही त्या गावाच्या कलाव्यवहाराची ठेव आहे, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी मुंबई-पुण्याच्या संपादकांवर न टाकता गावातील चित्रकारांनी, वाचनालयांनी आणि आम्ही स्वतः घेतली पाहिजे. आपापल्या गावात याबाबत काय अनुभव आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

खिळेजुळारी (सांगली)

आपल्या लेखातील रद्दीचा प्रसंग वाचून वडिलांच्या छापखान्याची आठवण झाली. चित्रे परत का जात नसत याचे एक कारण छपाईच्या पद्धतीतच आहे, आणि ते मी जवळून पाहिलेले असल्यामुळे सविस्तर लिहितो.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून होणाऱ्या छपाईच्या काळात चित्र थेट छापता येत नसे. ते ब्लॉकमेकरकडे जाई. तिथे त्याचा फोटो घेऊन निगेटिव्ह करत, ती जस्ताच्या पत्र्यावर उतरवत आणि आम्लात पत्रा खाऊन काढत, म्हणजे रेघ तेवढी उंच राही. मग तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणला जाई. ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर आकारले जात. चित्रकार चित्र दीडपट किंवा दुप्पट काढत असे, कारण लहान करताना रेघेतले दोष झाकले जातात. किती लहान करायचे ते समासात निळ्या पेन्सिलीने लिहीत, कारण तो फिका निळा कॅमेऱ्याला दिसत नाही. रेघेशिवाय करड्या छटा हव्या असतील तर जाळीचा हाफटोन ब्लॉक लागे आणि वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचाला ६५ रेघांची जाडीभरडी जाळीच चाले. त्या काळच्या अनेक व्यंगचित्रकारांनी छटा टाळून रेघांचे आणि ठिपक्यांचे काम वाढवले, त्यामागे हे व्यावहारिक कारणही होते.

आता मुख्य मुद्दा. ब्लॉक ही धातूची वस्तू होती, तिला पैसे पडलेले होते, म्हणून ब्लॉक फडताळात नंबर घालून ठेवले जात आणि पुन्हा वापरले जात. चित्राचा कागद मात्र ब्लॉक झाल्यावर कामाच्या पाकिटात जाई, आणि ते पाकीट बिल वसूल झाले की बांधून टाकले जाई. म्हणजे छापखान्याच्या दृष्टीने जपण्याची वस्तू जस्ताचा पत्रा हीच होती. पुढे ब्लॉक न लागणारी ऑफसेट छपाई आली, तेव्हा आम्ही सगळे ब्लॉक मोडीत काढले. माझ्याकडे त्यातले चौदा उरले आहेत. एका ब्लॉकवर धोतर नेसलेला माणूस छत्री उलटी धरून उभा आहे. हा पत्रा कोणाच्या चित्रावरून केला, हे आज घरात कोणालाही सांगता येत नाही, कारण सही पत्र्याच्या त्या कोपऱ्यात होती जो पान जुळवताना कापला गेला.

निसर्गचित्री (कोल्हापूर)

मी जलरंगात निसर्गचित्रे करतो आणि गेली वीस वर्षे निरनिराळ्या निवड समित्यांवर काम केलेले आहे. बोरू_दौत यांच्या कामाविषयी मला आदर आहे, म्हणूनच माझे मतभेद स्पष्टपणे मांडतो.

घाटावर बसून केलेले जलरंगचित्र जगात एकच असते. ते विकले गेले की माझ्या हातून जाते आणि ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्यापुरते उरते. व्यंगचित्राचे तसे नाही. ते हजारो घरांत पोहोचावे यासाठीच काढलेले असते, त्याचे पूर्ण झालेले रूप म्हणजे छापलेले पान, आणि वाचकाने हसून किंवा चमकून ते पान उलटले की ते चित्र आपल्या जागी पोहोचले. पाटावरचा कागद ही त्या प्रवासातील आधीची पायरी आहे, जशी कवीच्या हस्तलिखिताची असते. हस्तलिखित जपावे, पण कविता हस्तलिखितात नसते. जपायचेच असेल तर अंक जपले पाहिजेत. १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठीत किती चित्रे छापली गेली असतील, आणि त्यांतील किती अंकांचे पूर्ण संच एका ठिकाणी पाहायला मिळतात? आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० पासूनचे वाचनालय आहे. अशा ठिकाणी दिवाळी अंकांचे वेगळे दालन असावे असा आग्रह आपण धरला, तर त्याने व्यंगचित्रकारांचे अधिक भले होईल असे मला वाटते.

अबालाल रहिमान यांचा उल्लेख झाला आहे, त्याविषयी एवढेच सांगतो की त्यांची बहुतेक चित्रे आज उपलब्ध नाहीत. हा आमचाही व्रण आहे. चित्रकारांची चित्रे सांभाळली गेली आणि व्यंगचित्रकारांची गेली, अशी सरळ वाटणी नाही.

बोरू_दौत (कोल्हापूर)

निसर्गचित्रींचे म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले. अंकांच्या दालनाची सूचना मला मनापासून पटते. पण छापलेले पान म्हणजेच पूर्ण चित्र, हे मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण मी वर्गात रोज पाहतो.

आठवीच्या मुलांना मी माझे एक मूळ चित्र आणि त्याचे छापील पान शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. छापील पानावर रेघ एकाच काळेपणाची असते. मूळ कागदावर निब कुठे दाबली, कुठे उचलली, वळणावर शाई कुठे साठली आणि कुठे आटली हे दिसते. पोस्टर रंगाच्या पांढऱ्याने बुजवलेला हात कागदावर किंचित उंच लागतो आणि मुले त्यावरून बोट फिरवून पाहतात. एका मुलाने मला विचारले, “सर, इथे आधी त्याचा हात वर होता ना?” होता. माणूस हात वर करून ओरडत होता, तो मी खाली घेतला आणि चित्रातला राग त्यामुळे अधिक खरा झाला. हा निर्णय छापील पानावर नाही, तो फक्त मूळ कागदावर आहे. रेघ शिकणाऱ्या मुलाला यापेक्षा मोठा धडा मी देऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण ‘आवाज’च्या खिडकीचित्रांचे घ्या. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या अंकाची खिडकी महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे: वरच्या पानाला कापलेल्या चौकटीतून एक अर्थ दिसतो आणि पान उलटले की संपूर्ण वेगळाच निघतो. असे चित्र दोन कागदांवर काढावे लागते, दोन्हींच्या मापात केसाएवढा फरक पडला तरी खिडकीतून नको ते दिसते. हे दोन कागद वेगवेगळ्या पाकिटांत गेले की दोन्हीही निरर्थक होतात. त्यातले नियोजन, मापाच्या खुणा, चौकटीच्या कडेला घेतलेली सावधगिरी हे सगळे समजून घ्यायचे तर मूळ जोडीच हवी.

लोटलीचा_माणूस (मडगाव)

चर्चा कोल्हापूरची असली तरी गोव्यातील आमच्या सासष्टी तालुक्यातले एक उदाहरण तिला थेट लागू पडते, म्हणून लिहितो.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचा जन्म १९२६ मध्ये दमणला झाला, पण ते वाढले आणि अखेरीस २०११ च्या डिसेंबरमध्ये निवर्तले ते लोटलीच्या आपल्या जुन्या घरात. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ या चित्रपटाचे चित्रीकरण ज्या घरात झाले, तेच हे घर. लहानपणी ते भिंतींवर चित्रे काढत, तेव्हा आईने त्यांना कोऱ्या वह्या आणून दिल्या. त्या वह्यांमधून चित्रमय रोजनिशी लिहिण्याची सवय लागली. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिशा पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, त्या पाहिल्या की गावातली फेस्तं (चर्चचे उत्सव), इगर्जीतून (चर्चमधून) बाहेर पडणारी माणसे, पाद्री, वाजंत्री, तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) बसलेले शेजारी हे सगळे दिवसाच्या तारखेसह डोळ्यांसमोर उभे राहते. कोणत्याही संपादकाने मागितलेले नसताना केलेले हे काम आहे. त्यावेळी छापले न गेल्यामुळे ते घरात राहिले, आणि घरात राहिल्यामुळे टिकले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पोटासाठी मात्र त्यांना गाव सोडावेच लागले. मुंबईतील साप्ताहिके आणि दैनिके, मग गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर लिस्बन, त्यानंतर लंडन, पुन्हा मुंबई, असा तो प्रवास आहे. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरील चित्रांसमोर आजही लोक जेवायला बसतात. या सगळ्या ठिकाणी विखुरलेले काम परत एकत्र आणण्याचे श्रम गोव्यातीलच एका वास्तुरचनाकाराने, जेरार्ड द कुन्हा यांनी, घेतले. त्यांनी चित्रे शोधली, जमवली, त्यांचे ग्रंथ काढले आणि दालन उभे केले. रेइश मागूश किल्ल्यातही मारिओंच्या चित्रांची गॅलरी आहे. पद्मश्री १९८८ मध्ये आणि पद्मभूषण २००२ मध्ये मिळाले, पद्मविभूषण मरणोत्तर मिळाले. परंतु आज शाळेची मुले मारिओंची रेघ डोळ्यांनी पाहू शकतात ती या जमवाजमवीमुळे.

एक खंतही नोंदवतो. कप, फरशा आणि पिशव्यांवरून ती चित्रे इतकी फिरली आहेत की अनेक पर्यटकांना मारिओ म्हणजे गोव्याची नक्षी वाटते. मूळ कागदासमोर उभे राहिले की गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्याचा स्वभाव वेगळा आहे हे कळते आणि ही माणसे कोणीतरी वर्षानुवर्षे जवळून पाहिलेली आहेत याची खात्री पटते. म्हणून मी बोरू_दौत यांच्या बाजूने आहे. आमच्याकडे पुढाकार घेणारा माणूस चित्रकार नव्हता, वास्तुरचनाकार होता, हेही कोल्हापूरकरांनी ध्यानात घ्यावे.

पट्टीवाली (पुणे)

काका, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन. मी रोज चार चौकटींची पट्टी काढते आणि ती फोनवर वाचली जाते. माझ्या लहानपणी घरी ‘सकाळ’ आला की आधी ‘चिंटू’ वाचला जायचा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली ती पट्टी रोज येत होती, म्हणजे वर्षाला तीनशेंहून अधिक चित्रे, याचा विचार तेव्हा मनात कधी आला नव्हता. आता स्वतः रोजची पट्टी काढताना त्या शिस्तीपुढे नमस्कार करावासा वाटतो.

माझी अडचण निराळी आहे. मी टॅब्लेटवर काढते, त्यामुळे माझ्या चित्राला मूळ कागदच नाही. पेन्सिलीचा थर, शाईचा थर, रंगाचा थर असे वेगळे असतात आणि काम संपले की जागा वाचवण्यासाठी मी ते एकत्र करून टाकत असे. तुम्ही वर्गातल्या मुलाचा जो प्रसंग लिहिला आहे, तो वाचून मी थांबले. माझ्या चित्रात आधी हात वर होता की नाही, हे कोणीच कधी सांगू शकणार नाही, कारण ते मी स्वतःच पुसले आहे. मागच्या वर्षी माझी हार्ड डिस्क बंद पडली आणि दोन वर्षांच्या पट्ट्या गेल्या. ज्या उरल्या त्या वाचकांनी फोनमध्ये साठवलेल्या होत्या म्हणून, आणि त्यांचा आकार इतका लहान आहे की त्या छापताही येत नाहीत.

निसर्गचित्रींच्या म्हणण्यात मात्र मला काही खरे दिसते. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर दिवाळीच्या दिवसांत नळ स्टॉपच्या चौकात उभे राहून वाहनचालकांना वाहतुकीचे नियम सांगणारी शुभेच्छापत्रे वाटत असत. माझ्या बाबांनी स्कूटर थांबवून घेतलेले एक पत्र आमच्या घरी आहे. ते छापील आहे, मूळ चित्र नाही. पण काढणाऱ्याने स्वतःच्या हाताने रस्त्यात दिलेले असल्यामुळे आमच्यासाठी ते मूळच आहे. असे एखादे छापील पानही कोणाच्या हातून आले, कोणत्या चौकात आले, हे लिहून ठेवले तर जपण्याजोगे होते, असे मला वाटते.

मसुदा (ठाणे)

कायद्याचा भाग थोडक्यात नोंदवतो, कारण अनेक व्यंगचित्रकारांना तो माहीत नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. कागदाची मालकी आणि छापण्याचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्यामुळे चित्र पाठवताना ‘एकदा छापण्यासाठी, मूळ चित्र परत करावे’ एवढे वाक्य पत्रात लिहून त्याची प्रत ठेवावी. नोकरीत असलेल्या व्यंगचित्रकाराची गोष्ट वेगळी असते, त्याने नेमणुकीचे पत्र वाचून पाहावे.

निसर्गचित्रींच्या माहितीसाठी आणखी एक सांगतो. याच कायद्याच्या ५३-अ कलमात मूळ कलाकृतीच्या पुनर्विक्रीतील वाट्याची तरतूद आहे आणि ती दहा हजार रुपयांहून अधिक किमतीच्या विक्रीला लागू होते. त्या कलमात रंगचित्र, शिल्प आणि रेखाटन यांची नावे एकाच ओळीत घेतली आहेत.

निसर्गचित्री (कोल्हापूर)

रेखाटन हा शब्द कायद्यात आहे हे मला ठाऊक नव्हते. माझे मूळ मत मी अजून बदललेले नाही, छापलेले पान हेच व्यंगचित्राचे घर आहे असे मला वाटते. मात्र मुलाने विचारलेला प्रश्न मला विसरता येत नाही. आम्हीसुद्धा जलरंगचित्रात खालची पेन्सिल दिसू देतो आणि जाणकार ती आधी पाहतो.

माझ्याकडे एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयातून घेतलेले नकाशे ठेवण्याचे लाकडी कपाट आहे. त्याला दहा रुंद खण आहेत आणि मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्यातले चार खण रिकामे करून देतो. आपली चित्रे तिथे आणून ठेवावीत. पुढच्या निवड समितीत मी असेन की नाही हे सांगता येत नाही, पण असलो तर तो शेरा पुन्हा लिहिला जाणार नाही, एवढे मी पाहीन.

बोरू_दौत (कोल्हापूर)

काल रविवारी रिक्षातून चित्रे निसर्गचित्रींच्या घरी नेली. मोजली तेव्हा ४१२ भरली. दुपारभर आम्ही दोघे जमिनीवर बसून त्यांच्यातली पुराची वाळू मऊ ब्रशने झाडत होतो. सेलोटेपने चिकटवलेल्या जागी कागद तपकिरी पडून ठिसूळ झाला आहे, तिथे आम्ही हात लावला नाही. ज्यांच्याकडे मूळ चित्रे आहेत त्यांना कळकळीची विनंती आहे की टेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. दोन कागदांमध्ये आम्लमुक्त कोरा कागद घालावा, चित्रे आडवी ठेवावीत, आणि कसर लागू नये म्हणून पावसाळ्यानंतर एकदा सगळी उलगडून पाहावीत. पट्टीवाली दिवाळीनंतर स्कॅनर घेऊन चार दिवस येणार आहे, तिची राहण्याची सोय आमच्या घरी केली आहे. तिने स्वतःच्या फायलींतले थर आता एकत्र करायचे थांबवले आहेत, हे तिने फोनवर सांगितले. खिळेजुळारींनी चौदा ब्लॉकचे ठसे काढून पाठवायचे कबूल केले आहे. उलट्या छत्रीचा माणूस कोणाचा, हे जुन्या अंकांत शोधायचे काम मी घेतले आहे.

काल म्हातारीचे चित्र हातात आले, तेव्हा निसर्गचित्रींनी ते खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ऊन परत भरून देऊ का?” त्यांच्या हातून ते माझ्यापेक्षा चांगले भरले गेले असते, यात मला शंका नाही. मी नको म्हटले. अंकात हे चित्र काळ्या-पांढऱ्यात छापले होते, त्यामुळे तो पिवळा रंग आता कुठल्याच कागदावर नाही. तो कसा होता हे मला ठाऊक आहे, पण उद्या पाहणाऱ्याला ठाऊक असणार नाही. म्हणून मी चित्र उलटे केले, जुन्या अनुक्रमांकाखाली एचबी पेन्सिलने तारीख घातली आणि लिहिले: ‘सकाळचे ऊन, फिकट पिवळे, दोन थर, डावीकडच्या खिडकीतून. २०१९ च्या पुरात गेले.’ मग तो कागद तिसऱ्या खणात ठेवला.